हृदयरोग : हकिमांच्या काळापासून आजपर्यंत

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी डॉक्टर नाही. वर्गात इतिहास आणि मराठी शिकवणारा मी शिक्षक. तेव्हा हृदयरोगावर बोलण्याचा अधिकार मला कोणी दिला, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल तर तो रास्त आहे. परंतु रोगालाही इतिहास असतो, औषधालाही असतो आणि तो सांगण्यास शिक्षकाची हरकत नसावी. शिवाय या इतिहासाचे शेवटचे पान आपल्या घरात, आपल्या मुलामुलींच्या गळ्यापाशी आणि सांध्यांपाशी येऊन थांबते, म्हणून हा विषय घेतला.

आपल्या बोलण्यात दिल आणि कलेजा हे शब्द दिवसातून दहा वेळा येतात. शायरांनी तर दिलाचे काय काय करून ठेवले आहे ते सर्वांस ठाऊक आहे. पण हा अवयव करतो काय, हे माणसाला फार उशिरा कळले. दुसऱ्या शतकातील ग्रीक वैद्य गॅलेन याने सांगितले होते की रक्त यकृतात तयार होते आणि हृदयाच्या मधल्या पडद्याला डोळ्यांना न दिसणारी छिद्रे आहेत, त्यांतून ते उजव्या बाजूकडून डाव्या बाजूस झिरपते. गॅलेनचा दबदबा इतका की, पुढे हजार वर्षे ही छिद्रे कोणालाही दिसली नाहीत तरी ती नाहीत असे म्हणण्याची कोणाची छाती झाली नाही. इब्न सिना यांच्यासारख्या महापंडिताने हृदयावरील औषधांचा स्वतंत्र ग्रंथ लिहिला, त्यांचा ‘अल-कानून’ हा वैद्यकाचा ग्रंथ युरोपात शेकडो वर्षे पाठ्यपुस्तक म्हणून चालला; पण छिद्रांच्या बाबतीत तेही गॅलेनच्या बाजूचेच.

ती छिद्रे नाहीत असे प्रथम लिहिले ते इब्न अल-नफीस यांनी. दमास्कसजवळ १२१३ साली जन्मलेले हे हकीम पुढे कैरोच्या इस्पितळात नावारूपाला आले. १२४२ च्या सुमारास, म्हणजे वयाच्या तिशीच्या आत, त्यांनी इब्न सिनांच्या ग्रंथातील शरीररचनेच्या भागावर टीका लिहिली. तीत त्यांनी स्पष्ट म्हटले की मधला पडदा भरीव आहे, त्यातून काही झिरपत नाही. उजव्या कप्प्यातील रक्त फुप्फुसात जाते, तेथे हवेशी मिसळते आणि मग डाव्या बाजूस येते. ज्या इब्न सिनांना सारे जग मान देत होते, आणि स्वतः लेखकही देत होते, त्यांच्याच ग्रंथावर लिहिताना ही चूक दाखविली आहे. विद्यार्थी मित्रांनो, आदर आणि होकार या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे वर्गात शिकवताना मला याहून चांगले उदाहरण सापडलेले नाही.

दुःखाची गोष्ट ही की हे लिखाण धूळ खात पडले. युरोपात सोळाव्या शतकात सर्व्हेटस आणि कोलंबो यांनी हीच गोष्ट मांडली, आणि १६२८ मध्ये इंग्लंडच्या विल्यम हार्वी याने रक्त सर्व शरीरात फिरून पुन्हा हृदयाकडे येते हे प्रयोगांनी व हिशोबाने सिद्ध केले. इब्न अल-नफीस यांचे हस्तलिखित उजेडात आले ते थेट १९२४ मध्ये, बर्लिनच्या ग्रंथालयात. आणि ते ओळखले जर्मनीत शिकणाऱ्या एका इजिप्शियन डॉक्टरने. आपल्या समाजात ‘हे सर्व आमच्याकडे आधीच होते’ असे छाती पुढे काढून म्हणण्याची सवय आहे. होते, हे खरे. पण सातशे वर्षे आपणच ते उघडून वाचले नाही, हेही तितकेच खरे आहे, आणि मला तरी दुसऱ्या अर्ध्या वाक्याची अधिक रुखरुख वाटते.

पण वाचून पुढे नेल्याचेही उदाहरण आहे, आणि ते आपल्या देशातले आहे. सर्पगंधा नावाची एक वनस्पती आहे. युनानी हकीम तिला असरोल म्हणतात. वेड लागलेल्या माणसाला शांत करण्यासाठी तिचे मूळ देत असत. दिल्लीचे हकीम अजमल खान, जामिया मिलिया इस्लामियाचे पहिले कुलपती, यांनी असा आग्रह धरला की आपली औषधे आधुनिक रसायनशास्त्राच्या कसोटीवर घासून पाहिली पाहिजेत, आणि त्यासाठी त्यांनी जर्मनीत शिकून आलेले तरुण रसायनशास्त्रज्ञ सलीमुज्जमान सिद्दिकी यांना तिब्बिया कॉलेजात आणले. १९२७ मध्ये हकीमसाहेब वारले. १९३१ मध्ये सिद्दिकींनी सर्पगंधेच्या मुळातून जे द्रव्य वेगळे केले त्यास हकीमसाहेबांच्या स्मरणार्थ ‘अजमलीन’ असे नाव दिले. हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता आवरण्यासाठी ते वापरले गेले, आणि ठोक्यांचा एक विशिष्ट जन्मजात दोष ओळखण्याच्या तपासणीत डॉक्टर ते आजही वापरतात. एका हकिमाचे नाव अशा रीतीने जगभरच्या हृदयरोग विभागांत उच्चारले जाते.

याच मुळाची पुढची हकिकत मुंबईची आहे. परळच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. रुस्तम जल वकील यांनी रक्तदाबाच्या रोग्यांना सर्पगंधा देऊन, दाब मोजून, नोंदी ठेवून १९४९ मध्ये ब्रिटनच्या हृदयरोगविषयक मासिकात निबंध प्रसिद्ध केला. त्या काळी रक्तदाबावर धड औषध नव्हते. निबंधाने जगाचे डोळे उघडले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये त्या मुळातून रेसर्पिन हे द्रव्य काढण्यात आले, आणि १९५७ मध्ये वकिलांना अमेरिकेचे लास्कर पारितोषिक मिळाले. पुढे त्याहून चांगली औषधे निघाली आणि रेसर्पिन मागे पडले. पण जे मूळ शेकडो वर्षे हकिमांच्या आणि वैद्यांच्या बटव्यात होते त्याचे मोल कळले ते कोणीतरी रोज दाब मोजून वहीत लिहिला म्हणून.

आता ज्या के. ई. एम. चे नाव आले तेथेच थोडे थांबू. हे रुग्णालय १९२६ चे. त्याला जोडलेल्या महाविद्यालयासाठी देणगी देणाऱ्यांची अट अशी होती की तेथे शिकवणारे डॉक्टर भारतीयच असले पाहिजेत. त्या अटीमुळे जी माणसे तयार झाली त्यांपैकी एक डॉ. प्रफुल्लकुमार सेन. जन्म १९१५ चा, कलकत्त्याचा, कर्मभूमी परळ. १९५० च्या दशकात त्यांनी तेथे हृदयाच्या शस्त्रक्रिया सुरू केल्या. हृदयाला हात लावणे म्हणजे रोग्याला मारणे, ही समजूत तेव्हा नुकतीच कुठे मावळत होती. १९२५ मध्ये लंडनच्या सूटर नावाच्या सर्जनने एका मुलीच्या चालत्या हृदयात बोट घालून आवळलेली झडप सैल केली होती. मुलगी बरी होऊन घरी गेली, पण दुसरा रोगी त्याच्याकडे कोणीही पाठविला नाही! वैद्यांचे मत असे की दोष झडपेत नसून हृदयाच्या स्नायूत आहे, तेव्हा झडपेशी खेळून काय उपयोग? तीच शस्त्रक्रिया पुन्हा सुरू व्हायला १९४८ साल उजाडले.

पण बोटाने होईल ते झडपेचे. हृदयाच्या पडद्याला जन्मतः भोक असेल तर हृदय उघडावे लागते, आणि उघडायचे तर ते थांबवावे लागते. तोवर रक्त कोणी फिरवायचे? १९५३ मध्ये अमेरिकेच्या गिबनने यंत्राच्या साह्याने एका मुलीच्या हृदयातील भोक बुजविले. १९५४ मध्ये लिलेहाय या सर्जनने यंत्राऐवजी माणूस वापरला. मुलाच्या शेजारी बापाला निजवायचे, नळ्यांनी दोघांचे रक्त जोडायचे, आणि मुलाचे हृदय थांबलेले असताना बापाचे हृदय दोघांसाठी चालवायचे. पहिले बाळ अकरा दिवसांनी न्युमोनियाने गेले. पुढे या पद्धतीने एकंदर ४५ शस्त्रक्रिया झाल्या, त्यांपैकी २८ मुले बरी होऊन घरी गेली, आणि आपले रक्त देणाऱ्यांपैकी एकही दगावला नाही. येथे बसलेल्या पालकांना याविषयी अधिक सांगण्याची गरज नाही.

डॉ. सेन यांच्याकडे वळू. हा माणूस मोठा कल्पक. सापासारख्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हृदयाच्या भिंतीला आतल्या कप्प्यातूनच रक्त मिळते, आपल्यासारखा सगळा भार बाहेरच्या रोहिण्यांवर नसतो, हे पाहून त्यांच्या मनात आले की माणसाच्या हृदयाच्या भिंतीतही सुईने बारीक वाटा पाडल्या तर? १९६५ मध्ये त्यांनी त्यावर निबंध लिहिला. पुढे इतर देशांत हेच काम लेसर किरणांनी करून पाहण्यात आले. पण त्यांचे नाव राहिले ते दुसऱ्याच एका गोष्टीसाठी. ३ डिसेंबर १९६७ रोजी दक्षिण आफ्रिकेत डॉ. बर्नार्ड यांनी एका माणसाचे हृदय दुसऱ्यास बसविले. त्यानंतर अडीच महिन्यांच्या आत, १६ फेब्रुवारी १९६८ रोजी, डॉ. सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परळला तीच शस्त्रक्रिया केली. त्यापूर्वी कित्येक वर्षे ते कुत्र्यांवर प्रयोग करीत होते, म्हणून ही घाईची नक्कल नव्हती. नवे हृदय बसले, धडधडू लागले. रोगी सुमारे तीन तास जगला. जुन्या आजाराने त्याच्या फुप्फुसांच्या रोहिण्यांतला दाब इतका वाढला होता की निरोगी हृदयालाही तो पेलवेना. त्याच वर्षी दुसरा प्रयत्न झाला, तो रोगीही काही तासांच्या वर जगला नाही.

मग हे काम थांबले. परके हृदय शरीराने झिडकारू नये यासाठीचे चांगले औषध १९८० च्या दशकात आले, आणि मेंदू मृत झाला म्हणजे माणूस मृत झाला हे मानणारा कायदा आपल्या देशात १९९४ मध्ये झाला. त्याच वर्षी ३ ऑगस्टला दिल्लीत डॉ. वेणुगोपाल यांनी यशस्वी हृदयारोपण केले. डॉ. सेन त्यापूर्वीच, १९८२ मध्ये, निवर्तले होते. तीन तासांची ती शस्त्रक्रिया अयशस्वी म्हणावी काय? आमच्या शिक्षकखोलीत यावर एकदा बराच वाद झाला. माझे मत विचाराल तर, जेथे कायदा नव्हता, औषध नव्हते, अनुभव नव्हता, तेथे सर्व तयारी करून पुढे झालेल्या माणसाला नापास करणे हे परीक्षकाचे काम नव्हे.

मोठ्या माणसांच्या रोगाचे आता थोडक्यात सांगतो. हृदयाच्या स्वतःच्या रोहिणीत मेद साठतो, त्यावर रक्ताची गुठळी बसते आणि पुढचा स्नायू रक्तावाचून मरू लागतो, तो झटका. पायातील शीर काढून अडलेल्या रोहिणीला वळसा घालणारी बायपास शस्त्रक्रिया १९६७ पासून रूढ केली ती अर्जेंटिनाच्या डॉ. फाव्हालोरो यांनी. हे गृहस्थ त्याआधी बारा वर्षे एका लहान खेड्यात डॉक्टरकी करीत होते, हे आमच्या खेड्यांतल्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे. १९७७ मध्ये झुरिच येथे ग्रुन्टझिग यांनी फुग्याने रोहिणी रुंद केली. ते नळ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर तयार करीत. पुढे त्या जागी जाळी, म्हणजे स्टेंट, आला. फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने औषधी लेपाच्या स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरविली, तेव्हा त्याआधी लोक किती देत होते याची घरोघर चर्चा झाली.

पण यंत्रे कितीही निघोत, वेळ गेली की त्यांचा उपयोग नाही. छातीवर दगड ठेवल्यासारखे होते, दरदरून घाम येतो, कळ डाव्या हातात किंवा जबड्यात जाते आणि आपण म्हणतो, ‘गॅस झाला असेल, ओवा खा, सोडा घ्या, सकाळी पाहू.’ स्नायू सकाळपर्यंत थांबत नाही. मधुमेह असलेल्यांना आणि बायकांना तर पुष्कळदा कळही येत नाही, नुसता दम लागतो, मळमळते. अशा वेळी १०८ ला फोन करावा, आणि जेथे हृदयाचा आलेख लगेच निघेल तेथे जावे. ५२ देशांत केलेल्या एका पाहणीत, जी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली, असे आढळले की आपल्या भागातील देशांत पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी येतो, इतरत्र सुमारे ५९ व्या वर्षी. म्हणजे आपल्याकडे तो मुलीच्या लग्नाच्या आणि मुलाच्या शिक्षणाच्या ऐन वेळी येतो. बिडी आणि तंबाखूची पुडी यांचा त्यात किती वाटा आहे, हे सांगायला व्याख्यान कशाला हवे? आणखी एक. रमजानमध्ये हृदयाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या आपल्या मनाने बंद करणारे बुजुर्ग मी पाहिले आहेत. रोजा ठेवता येईल की नाही, आणि ठेवला तर गोळी सहरीला की इफ्तारला, हे डॉक्टरांना शाबानमध्येच विचारून घ्यावे.

आता मूळ मुद्दा. हृदयाचा एक रोग असा आहे की तो लहानपणी सुरू होतो, दाटीवाटीच्या गरीब घरांत अधिक होतो, आणि श्रीमंत देशांतून तो जवळजवळ गेला आहे. मूल पाच ते पंधरा वर्षांचे असताना त्याचा घसा सुजतो, ताप येतो. सगळेच घसे वाईट नसतात. पण त्यांपैकी काहींचे कारण स्ट्रेप्टोकॉकस नावाचा जंतू असतो. घसा आपोआप बरा होतो. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा ताप, आणि आज गुडघा, उद्या घोटा, परवा मनगट असे सांधे सुजू लागतात. जंतूशी लढायला शरीराने जी शक्ती उभी केली, ती चुकून आपल्याच सांध्यांवर आणि हृदयाच्या झडपांवर चालून गेलेली असते. सांधे बरे होतात. झडप होत नाही. दर नव्या दुखण्याबरोबर ती जाड होते, आवळते, आणि दहा-पंधरा वर्षांनी माणसाला जिना चढवत नाही. याला र्‍हुमॅटिक ताप म्हणतात. घसादुखीच्या वेळीच डॉक्टरांनी पाहून पेनिसिलीन दिले तर हे सर्व टळते. एकदा ताप येऊन गेला असेल तर दर २१ दिवसांनी पेनिसिलीनचे एक इंजेक्शन, तेही काही वर्षे. हे औषध काही विलायतेहून मागवावे लागत नव्हते. पुण्याजवळ पिंपरीला १९५४ मध्ये सरकारने त्याचा कारखाना काढला होता.

मी पूर्वी ज्या शाळेत होतो तेथे आठवीत एक मुलगी होती. हुशार, पण कवायतीच्या तासाला बसून राही. सांधे दुखतात म्हणे. सर्वांनी तो बहाणा मानला. पुढे एका तपासणीत डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि झडपेचा आवाज ऐकला. इंजेक्शने सुरू झाली. तीन वर्षे नीट चालली, मग रिश्ता आला. ‘मुलीला दिलाची बीमारी आहे असे कळले तर घर मोडेल’ म्हणून कागद पेटीत गेले आणि इंजेक्शन बंद झाले. सासरी कोणाला काही ठाऊक नाही. पहिले बाळंतपण कसेबसे पार पडले. दुसऱ्या खेपेस सहाव्या महिन्यात ती रात्री उशीला टेकून बसू लागली, आडवे झाले की जीव गुदमरे. गर्भारपणी शरीरातले रक्त वाढते. आवळलेल्या झडपेतून ते जाणार कसे? सासऱ्याने गाडी करून शहरात नेले, तेथे पायाच्या शिरेतून फुगा नेऊन झडप रुंद केली. आई वाचली, मूलही वाचले. ज्या सासऱ्याला कळू नये म्हणून कागद लपविले, त्यानेच शेत गहाण ठेवून पैसे उभे केले.

फुग्याने झडप रुंद करण्याची ही रीत जपानच्या इनौए यांची, १९८० च्या दशकातली. त्यामुळे आज पुष्कळांची छाती उघडावी लागत नाही. झडप पारच गेली असेल तर कृत्रिम झडप बसवितात; त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा संस्थेने स्वतः बनविलेली झडप १९९० मध्ये प्रथम रोग्यास बसविली, आणि परदेशी झडपेच्या मानाने ती स्वस्त पडते. खर्चासाठी महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजना आहे. यादीतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात, त्यांना शिधापत्रिका दाखवावी. आणि शाळेत जे आरोग्य तपासणीचे पथक येते, त्या दिवशी मुलांना घरी ठेवू नये, मुलींना तर मुळीच नाही.

लग्नाच्या बोलणीत काय सांगावे आणि काय नाही, हा पालकांचा अधिकार आहे, त्यात मी शिक्षक म्हणून पडू नये हे मला कळते. तरी इतके म्हणतोच की, निदान मुलीच्या हातात तिचा कागद द्यावा आणि इंजेक्शन का घ्यायचे ते तिला स्वतःला समजावून सांगावे. दागिन्यांच्या डब्यात त्या कागदाला जागा होते. आणि ज्या घरी अशी सून येईल त्या घराने तिला दोषी मालासारखे वागवू नये. बालपणीच्या एका घशाचे ते दुखणे आहे, त्यात तिचा किंवा तिच्या आईचा काय अपराध?

एका पालकांनी मघाशी विचारले की एवढी वर्षे तारीख लक्षात कशी ठेवायची. २१ दिवस म्हणजे बरोबर तीन आठवडे. पहिले इंजेक्शन ज्या वारी घेतले, तोच वार कायम येतो. तेव्हा सुरुवात बाजाराच्या दिवशी करावी. त्या दिवशी वडील तालुक्याला येतातच, येताना मुलालाही बरोबर आणावे. बाजार रविवारचा असेल तर मात्र दुसरा वार धरावा, कारण त्या दिवशी सरकारी दवाखान्यात केसपेपरची खिडकी बंद असते.